कामठी उतरवून ठेव

वेस्ताकाकानं बांबू तोडला तेव्हा मी अकरा वर्षांचा.
दोन पावसाळे तो चुलीवरच्या धुरात टांगून राहिला,
मग माझ्या हाती आला.
दोरीसुद्धा बांबूचीच, साल सोलून ताणलेली,
ओढली की कानाशी कुरकुरायची
जुन्या खाटेसारखी.
‘अंगठा लांब ठेव,’ काका सांगायचा,
‘अंगठ्याला घाई असते.’
आणि रोज, दिवस मावळताना,
‘कामठी उतरवून ठेव.’

फाळ अडावदच्या बाजारातला.
लोहारानं विचारलं, ‘कसाले जोयजे रे तुले?’
मी म्हटलं, उंदरांसाठी.
तो हसला, कानस आणखी दोनदा फिरवली
आणि पैसे तेवढेच घेतले.

वर्षभर मी वाळल्या भोपळ्याला मारलं,
उंबराच्या बुंध्याला,
एकदा जामसिंगच्या कोंबडीला;
ती आईनं मोहफुलांत फेडली.

होळीची राख अजून अंगणात होती.
अनेर डबक्याडबक्यांपुरती उरलेली.
वरच्या नाल्यात एकच मोह,
पहाटे त्याची फुलं पडायची, जड, एकेक,
आणि आई टोपली घेऊन पोचायच्या आत
भेकर येऊन खाऊन जायचं.
एका झाडाची दोन गिऱ्हाइकं, आई म्हणायची,
न रागावता.

धावड्याआड बसलो, वारा तोंडावर घेऊन.
पायाला मुंग्या आल्या.
मग खऱ्याही आल्या.
काका मागे उतारावर, खडकासारखा, न खोकता.

ते आलं.
म्हणजे आधी नव्हतं, आणि मग होतं.
फुलं चावताना डोळे अर्धे मिटत होतं.
बारा पावलं. फार तर तेरा.
बरगडीकडे बघ, असं शिकवलं होतं.
मी कानाकडे बघितलं.
कान फाटका होता, कधीतरी काट्यात अडकलेला,
आणि त्या फटीतून पलीकडचं उजाडतं आभाळ दिसत होतं
नखाएवढं.

दोरी कुरकुरली का, आठवत नाही.

धावत सुटणार तोच काकानं मनगट धरलं.
‘थांब. माझी बिडी होऊ दे.’
त्या बिडीइतकं लांब काही
मी आजवर जगलो नाही.

सालईच्या पानावर पहिला थेंब, फेसाळ.
‘फुप्फुस,’ काका म्हणाला, ‘लांब जाणार नाही.’
तरी गेलं. दोन टेकाडं.
एका जागी बसून उठलेलं, गवत दबलेलं,
तिथं हात ठेवला तर ऊब होती.

सापडलं तेव्हा तोंड उघडं,
जिभेवर एक फूल, न गिळलेलं.
वास आला तो मोहाचा,
बाजारच्या दिवशी काकाच्या तोंडाला येतो तोच.
काकानं डबक्यातलं पाणी ओंजळीनं आणलं,
त्याच्या कपाळावर शिंपडलं,
वाघदेवाच्या दगडाच्या दिशेनं वळून म्हणाला,
‘तुझ्यातलं घेतलं. हिशोबात धर.’
मी काय म्हणायचं, ते सांगितलं नाही.

पाड्यात सतरा चुली, पळसपानांवर सतरा वाटे,
वजन डोळ्यानं.
आंधळ्या रुमल्याला काळीज, कारण दात नव्हते.
मानेचा वाटा माझा.
अंगरख्यावरचं रक्त बघून आईनं एवढंच विचारलं,
‘तुझं का त्याचं?’

वाटलं होतं, घास उतरणार नाही.
उतरला. दुसराही.
मीठ थोडं कमी होतं.

रात्री नाल्याकडून दुसरं भेकर भुंकलं.
एकदा. मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा.
मला वाटलं, मी एकटाच जागा आहे.
‘उद्या फुलं जास्त मिळतील,’
अंधारात आई म्हणाली, आणि कूस बदलली.

सकाळी काकानं कामठी खुंटीवरून काढली.
रात्रभर ताणलेलीच राहिली होती.
दोरी सोडली तरी बाक गेला नाही.
एक डोळा मिटून त्यानं ती टोकापासून टोकापर्यंत न्याहाळली,
मग माझ्याकडे बघितलं.
बोलला नाही. कोयता उचलून
बांबूच्या बेटाकडे निघाला.

मी टोपली घेतली, आईमागे गेलो.
फुलं खरंच जास्त होती.